सुनेच्या गाण्याखाली लावलेला तानपुरा

भरल्या हळदीकुंकवात माझी सून कीबोर्ड वाजवत होती आणि मी तिच्या गाण्याखाली माझा तानपुरा लावला. न विचारता. एवढ्यावर थांबले असते तर ते खपूनही गेलं असतं. पण गाणं बेसूर होतंय असं वाटल्यावर मी तानपुऱ्याचा आवाज वाढवला, आणि तेवढ्यानेही पोरीला कळेना म्हणून सगळ्या बायकांदेखत ओरडले, "सा धर, सा!"

तेव्हा मी लहान होते. अठ्ठावन्न वर्षांची. शाळेतल्या गाण्याच्या बाई म्हणून नुकतीच निवृत्त झाले होते. ज्या वयात माणसाला अक्कल येते म्हणतात, ते वय माझ्या बाबतीत अजून बरंच लांब होतं.

तानपुरा म्हणजे खरा भोपळ्याचा नव्हे. खरा माहेरी राहिला. हा विजेवर चालणारा डबा, ट्रान्झिस्टरएवढा. बटण दाबलं की सा आणि प अखंड चालू. बरकतपुऱ्यातल्या आमच्या घरात तो सकाळपासून चालायचा, कणीक मळतानासुद्धा. आमचे हे त्याला गिरणी म्हणत. "अगं, गिरणी बंद कर, बातम्या लागल्यात." मी बंद करत नसे. गुरुजींनी शिकवलं होतं की गाणाऱ्याने एक वेळ शब्द विसरावेत, पण सा सोडू नये. सा हलत नाही, आपण त्याच्याभोवती फिरायचं. मी हे गाण्यापुरतं ठेवायला हवं होतं. पण मी ते स्वयंपाकघरालाही लावलं, मुलाच्या लग्नालाही लावलं.

सून तेलुगू, सिकंदराबादची. लग्न दोघांनी आपसात ठरवलं आणि आम्ही ते 'मान्य केलं'. हा शब्द मी तेव्हा फार ऐटीत वापरत असे, जणू माझ्या सहीवाचून मुहूर्त अडून राहिला होता. लग्नानंतर तिच्या सामानात एक लांबलचक काळी पिशवी आली. मला वाटलं, घडीचं टेबल असेल. तो कीबोर्ड होता. शाळेत असताना ती एका वयस्क बाईंकडे पियानो शिकली होती, अगदी नोकरी लागेपर्यंत. ऑफिस कुकटपल्लीकडे; संध्याकाळी दमून यायची, जेवायची, खोलीत जाऊन कानाला हेडफोन लावायची आणि वाजवायची. आम्हाला गाणं ऐकू येत नसे, फक्त बोटांखाली पट्ट्यांची टपटप. हे पेपरमधून मान वर न करता म्हणायचे, "टायपिस्ट बसली वाटतं कामाला."

मला मात्र त्या टपटपीचा राग यायचा. सासू गाणारी, आणि घरातलं वाजवणं तिच्यापासून लपवायचं? ती लपवत नव्हती, गिरणीच्या आवाजात तिला स्वतःचं ऐकू येत नव्हतं. पण हे समजायला मला आणखी एक महिना आणि जगभराची लाज लागायची होती.

लग्नानंतरची पहिली संक्रांत आली. काळी साडी, हलव्याचे दागिने, हळदीकुंकू. सगळं मराठी पद्धतीने, जरा जास्तच मराठी पद्धतीने, कारण गल्लीतल्या बायकांना दाखवायचं होतं. हलव्याचे दागिने मी घरी केले. बांगड्या, हार, बाजूबंद, बिंदी. आणि मग माझ्या डोक्यात आलं, नुसती नटवून काय बसवायची? वाजवायला लावू.

"आई, ते जॅझ आहे. पुराना अमेरिकन गाना," ती म्हणाली. "आंटींना बोअर होईल."

"अगं, सूर तो सूर. तुझी पट्टी कुठली?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुझा सा कुठला? कुठून वाजवतेस?"

तिने विचार केला. कीबोर्डवरची एक काळी पट्टी दाबली. "हा. ए फ्लॅट. तसं बोलतात, पण..."

तो 'पण' मी ऐकलाच नाही. ती पट्टी आमच्या पेटीवरची काळी चार होती आणि काळी चार ही माझी स्वतःची पट्टी. जन्मभर मी त्या सुरात गायले. मला इतका आनंद झाला, की मी तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. देवाने सून धाडली तर पट्टी जुळवून धाडली!

तो 'पण' ऐकला असता तर हे लिहायची वेळ आली नसती.

हळदीकुंकवाला बायका आल्या. समोरच्या भारतीय बैठकीवर वकीलकाकू बसल्या होत्या. त्यांचे यजमान हायकोर्टात वकिली करत. उलटतपासणी मात्र काकूच जास्त चांगली घेत. सून कीबोर्डसमोर बसली. मनगटावर हलव्याच्या बांगड्या, कपाळावर साखरेची बिंदी. पहिल्यांदाच तिचं वाजवणं घरातल्या हवेत ऐकू येणार होतं. ती माझ्याकडे बघून हसली. मी डबा मांडीशी घेऊन बसले होते, त्याचा सा आधीच काळी चारवर लावून ठेवला होता. तिला गंमत म्हणून सांगितलं नव्हतं. आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. दिला.

तिने सुरू केलं. पहिलाच स्वर लांब, आणि तो सा! मी बटण दाबलं. मग मध्यम, परत सा, मग शुद्ध निषाद, गंधार, धैवत. तानपुऱ्यावर ते इतकं गोड बसलं, की माझे डोळे भरून आले. मी वकीलकाकूंकडे झुकून सांगितलं, "बिलावल आहे, सगळे शुद्ध सूर."

"अमेरिकेत?"

"सूर तो सूर, काकू."

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत कोमल गंधार आला. त्याच्यामागून कोमल धैवत. आणि नुसते आले नाहीत, ठाण मांडून बसले. तिच्या डाव्या हाताखालचे सूर माझ्या तानपुऱ्याशी असे घासले, की पाटीवर खडू उलटा फिरावा. बायकांच्या चेहऱ्यावर ती कळ मला दिसली. मला वाटलं, पोर घाबरली, घसरली. शाळेत घसरलेल्या मुलीला मी काय करत असे? तानपुरा मोठा करत असे, म्हणजे तिला सा सापडतो. मी तेच केलं.

ती दचकून डब्याकडे बघत पुढे वाजवत राहिली. जितकी पुढे जाई तितकं बिघडत जाई. तिने मानेने 'नको' केलं. मला वाटलं, 'जमत नाही' म्हणतेय. मग मी ते 'सा धर' ओरडले. आणि मांडीवर हाताने सा दाखवला, पहिलीच्या मुलींना दाखवतात तसा.

तिने हात उचलले. घाईत हलव्याची बांगडी पट्ट्यांच्या कडेला लागली, दोरा तुटला आणि साखरेचे दाणे काळ्यापांढऱ्या पट्ट्यांवर टपटपत सांडले. गाणं बंद झालं. तानपुरा मात्र चालूच होता. आता तो एकटाच वाजत होता, अगदी सुरात.

"छान झालं हो," वकीलकाकू म्हणाल्या. "सुनेचं की मशीनचं, तेवढं काही कळलं नाही."

मग सुनेने उठून सगळ्यांना तिळगूळ वाटला. तिला मी आठवडाभर घोकून घेतलं होतं, वाटताना काय म्हणायचं ते. तिच्या तेलुगू उच्चारात ती प्रत्येकीला म्हणाली, गोड बोला. शेवटी माझ्यापुढे आली, वाकली, तळहातावर तिळगूळ ठेवला आणि मलाही तेच म्हणाली. जराही टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, मी उलटून काही बोलू शकले असते.

रात्री मी माफीसारखं काहीतरी केलं. म्हणजे म्हणाले, "तुला ऐकू यावा म्हणून मोठा केला गं."

"इट्स ओके, आई."

भांडली असती तर मला ठाऊक होतं काय करायचं. पण ह्या 'इट्स ओके'ला दार नव्हतं, खिडकी नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून कीबोर्डवर ती काळी पिशवी चढली. टपटप थांबली. दोन-चार दिवसांनी यांनी पेपर खाली ठेवून विचारलं, "टायपिस्ट रजेवर का?" ती माझ्याशी पूर्वीसारखीच बोलायची, भाजी निवडायची, पाया पडायची. फक्त आमच्या घरात वाजवायची नाही. आणि मग एका रविवारी मुलगा म्हणाला, कुकटपल्लीला फ्लॅट बघितलाय, ऑफिसला जवळ पडेल.

"ऑफिस संक्रांतीच्या आधीही तिथंच होतं," हे मला एकटीला गाठून म्हणाले.

त्यांनी वेगळं राहण्याचं मला दुःख नव्हतं, असं म्हणणार नाही. पण खरी भीती दुसरीच होती. ही पोर इथून अशीच गेली, तर तिच्या आयुष्यात सासरचं घर म्हणजे जिथे बोटं उचलावी लागली ते घर, एवढंच राहणार. नव्या घरात ती वाजवेल, मी गेले की पिशवी चढवेल. मी जिवंत असेपर्यंत हे असंच चालणार.

मी मुलाला म्हटलं, मोबाइलवर ते गाणं लावून दे. त्याने काही न विचारता दिलं. दुपारी घर रिकामं असताना मी पेटी काढली आणि ऐकायला बसले. आधी तानपुरा लावला, सवयीने. गाणं सुरू झालं, गोड चाललं, आणि त्याच ठिकाणी तीच घासाघीस. आता वाजवणारा कोणी नावाजलेला होता. त्याला तर मी 'सा धर' म्हणू शकत नव्हते. मग हळदीकुंकवाच्या दिवशी बायकांनी जे ऐकलं, ते मला ऐकू आलं. बेसूर सून नव्हती. बेसूर तो डबा होता, आणि डब्याचं बटण ज्या बोटाने दाबलं ते बोट अजून माझ्याच हाताला होतं. एकटी बसले होते तरी मी पदर तोंडावर घेतला.

डबा बंद केला आणि पेटीवर एकेक सूर शोधत गेले. कितीतरी दुपारी गेल्या. हे गाणं एका जागी राहतच नाही. काळी चारला आपलं घर आहे म्हणतं, आणि दोन ओळी होतात न होतात तोच पांढरी एकमध्ये जाऊन विसावतं. तिथून पुन्हा तीच चाल वेगळ्या पट्टीतून घेतं, काळी दोनला टेकून पांढरी पाचला मुक्काम करतं, मधल्या भागात पांढरी तीनमध्ये जाऊन बसतं. बिऱ्हाडावर बिऱ्हाड बदलतं. पण प्रत्येक बदल अशा बेताने करतं, की उंबरा ओलांडल्याचं पायाला कळू नये. आणि अगदी शेवटी, जरा जास्तच रेंगाळून, काळी चारला परत येतं. आमच्या संगीतात सा हलत नाही. ह्या गाण्यात सा हलतो, म्हणूनच ते गाणं आहे. तिचा तो अर्धवट 'पण' हाच होता. ए फ्लॅट, तसं बोलतात, पण.

पुढचं मात्र पेटीवर सापडेना. मधला भाग संपून पहिली चाल परत सुरू होते, तिथे असं काहीतरी होत होतं की अंगावर काटा यायचा, आणि काय होतं ते मला पकडता येत नव्हतं. ते विचारायला एकच माणूस होतं.

सामान हलवायच्या दिवशी टेम्पो वेळेवर आला नाही. नामपल्लीला नुमाइश, म्हणजे दरवर्षीचं मोठं प्रदर्शन, चालू होती, त्या गर्दीत अडकला होता. मुलगा गच्चीवर फोनवरून ड्रायव्हरला रस्ता समजावत होता. खोके दोरीने बांधून तयार. सून तिच्या खोलीत, रिकाम्या कपाटाची दारं पुसत होती. बाई, जाणारं कोणी कपाट पुसून जातं का?

"ते गाणं मला शिकव," मी दारातून म्हटलं.

ती वळली. "आता? आई, पॅक झालं सब."

"टेम्पोला वेळ आहे."

"तुम्हाला कायको पाहिजे ते?"

शाळेत मी शेकडो मुलींना बेसूर म्हटलं असेल. त्याच्या उलट वाक्य कधी एकीलाही म्हटलं नव्हतं, त्यामुळे ते तोंडातून नीट निघेना. "त्या दिवशी," मी म्हणाले, "तू बेसूर नव्हतीस. मी होते. आणि तू नको म्हणत होतीस तेही मी ऐकलं नाही."

तिने हातातलं फडकं घडी करून खोक्यावर ठेवलं, मग काळ्या पिशवीची चेन ओढली. कीबोर्ड दोन खोक्यांवर आडवा ठेवला. वायर मिळाली, बोर्ड लांब पडला, तेव्हा यांनी कुठूनसा एक्स्टेन्शन बोर्ड आणून दिला आणि "मी इथं नाहीच" असा चेहरा करून निघून गेले. हेडफोन तिने बाहेर काढलेच नाहीत. मी ते बघितलं.

"हे एका नाटकाचं गाणं आहे, आई," ती म्हणाली. "म्युझिकल. दुसऱ्या वर्ल्ड वॉरच्या टाइमचं. नाटक एकदम फ्लॉप. थोडे दिवस चाललं, बंद झालं. आता कोणाला स्टोरीपण माहीत नाही."

"आणि गाणं उरलं?"

"गाणं सगळे वाजवतात. सिंगर लोक कमी, बँडवाले जास्त. त्यांना खालचे कॉर्ड, मतलब एकत्र दाबलेले सूर, आवडतात. कोणी तर वरची चालच काढून टाकतात, त्याच कॉर्डवर नवीन चाल करतात."

"अगं, मग हे तर नाट्यपद!" मी म्हटलं. "आमच्यात काय वेगळं आहे? नाटक पडतं, कंपनी बुडते, आणि पद मात्र लोक मैफिलीत तासभर गात बसतात. मी स्वतः अशी पदं शिकवली, त्यातल्या निम्म्या नाटकांची कथा मला विचारशील तर फजिती होईल."

"हो का?" ती हसली. संक्रांतीनंतर पहिल्यांदा तिचे दात दिसले. "मग तेव्हा असंच सांगायचं ना, आई. बिलावल नाही बोलायचं."

म्हणजे ते तिने ऐकलं होतं. मी कानाच्या पाळ्या पकडल्या. ती हसत हसत म्हणाली, "अय्यो अत्तम्मा, हात खाली करा, मामय्या बघतात." यांनी दारामागून डोकं मागे घेतलं.

मग मी तिला माझी अडलेली जागा विचारली. मधला भाग संपून चाल परत येते, तिथे काय होतं?

तिने माझ्याकडे निरखून बघितलं. "तुम्ही तिथपर्यंत बसवलं? पेटीवर?"

"अडले तिथे."

"तिथे एकच सूर आहे. लांब. तो जागेवरच राहतो आणि खालचं सब बदलतं." तिने ती पट्टी दाबली. "हा."

काळी चार. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"तुमचा सा," ती म्हणाली. "लावा तुम्ही. डबा नक्को. गळ्याने."

परीक्षकांपुढेही बसले नव्हते इतकी ताठ मी त्या दोन खोक्यांपुढे बसले. ती मधल्या भागाच्या शेवटी आली, मान हलवून खूण केली, आणि मी सा लावला. खाली तिने पांढरी तीनचा कॉर्ड धरला होता आणि माझा सा त्याचा शुद्ध गंधार होऊन बसला, सकाळच्या उन्हासारखा स्वच्छ. मग तिची बोटं सरकली, खालचं सगळं एका तिरक्या, अधांतरी जागेवर गेलं, आणि माझा तोच सूर कासावीस झाला. पुन्हा बोटं सरकली, आणि तोच सूर आता कोमल गंधार होता, जुन्या आठवणीसारखा. मी तसूभर हलले नव्हते. तरी तीन घरं फिरून आले होते, आणि तिन्ही घरी मला कोणी परकं म्हटलं नव्हतं. ज्या सुराने मी तिचं गाणं मोडलं होतं, त्याच सुरासाठी ह्या गाण्यात एक जागा राखून ठेवलेली होती. फक्त तेवढीच.

मला ते इतकं आवडलं, की मी थांबेना. श्वास होता तोवर सा ओढत राहिले. खाली टेम्पोचा हॉर्न वाजला, मुलगा जिन्यावरून हाका मारत उतरला, यांनी दारातून घड्याळ दाखवलं. सून तिसऱ्या कॉर्डवर बोटं ठेवून माझी वाट बघत होती. मी डोळे मिटून घेतले आणि आणखी जोर लावला. तेव्हा तिने कीबोर्डवरचा एक हात काढून माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाली, "बरोबर लागला, आई. आता सोडा ना. गाणं पुढं जायचंय."